कापसाचा ओलावा मोजला, आता घराच्या हवेचा

कापूस घेऊन सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर गेलेल्या कास्तकाराला हा प्रसंग सांगावा लागत नाही. ग्रेडर गाडीवर चढतो, कापसात मशीन खुपसतो आणि सगळे ओलाव्याच्या आकड्याकडे बघत राहतात. ८ टक्क्यांपर्यंत आला तर पूर्ण भाव. ८ ते १२ च्या मधे आला तर कपात. १२ च्या वर गेला की गाडी परत. सोयाबीनचंही तेच. तिथे १२ टक्क्यांची अट आहे. २०२४ च्या हंगामात सरकारने ती १५ पर्यंत सैल केली, तेव्हा पानठेल्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ओलावा म्हणजे पैसा, हे आमच्याकडे शाळा न शिकलेल्या माणसालाही कळतं.

आता गंमत बघा. हाच कापूस भाव वाढेल या आशेने दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत घरातल्या समोरच्या खोलीत पडून असतो. त्याच खोलीत आम्ही झोपतो, पोरं अभ्यास करतात, म्हातारी माणसं खोकतात. कापसाचा ओलावा मोजला जातो. त्या खोलीतल्या हवेचा कोणी मोजत नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी चार-पाचशे रुपयांचा एक डिजिटल हायग्रोमीटर घेतला. टेबलावरच्या घड्याळाएवढा डबा, वर तापमान, खाली आर्द्रता. माय म्हणाली, "नाक हाये न मले, मशीन कायले पायजे?" तिचं अर्धं बरोबर होतं. धूर नाकाला कळतो, कुबट वास कळतो. पण नाक सवयीचं गुलाम आहे. ज्या खोलीत आपण रोज झोपतो तिचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो.

पहिल्याच दिवशी डब्याने मला चकवलं. दुपारी आर्द्रता १५ टक्के, पहाटे ३६. कूलर बंद होता, पाऊस नव्हता, घरात पाणी सांडलं नव्हतं. मला वाटलं, मशीन भंगार निघालं. मशीन बरोबर होतं. त्या टक्क्यांचा अर्थ मलाच कळला नव्हता.

कापसाचा ओलावा १० टक्के म्हणजे वजनातला हिस्सा. हवेची टक्केवारी अशी नसते. हवेला असं गुंड, म्हणजे पाणी भरायचं भांडं, समजा, जे तापलं की मोठं होतं आणि गार झालं की आकसतं. एक घनमीटर हवेत, म्हणजे सव्वातीन फूट लांब, तेवढ्याच रुंद आणि उंच जागेत, २० अंशांना साधारण १७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. ३० अंशांना ३० ग्रॅम. ४० अंशांना ५१. डब्यावरचा आकडा सांगतो की गुंड किती भरलंय. पाणी किती आहे ते सांगत नाही. माझ्या खोलीत दुपारी आणि पहाटे पाणी तेवढंच होतं, घनमीटरला दहाएक ग्रॅम. ४५ अंशांवर तेवढ्या पाण्याने गुंडाचा तळ जेमतेम भिजतो. पहाटे २८ अंशांवर गुंडच आकसलं, म्हणून तेच पाणी एक तृतीयांशाच्या वर चढलं.

म्हणून आर्द्रतेचा आकडा तापमानाशिवाय वाचायचा नाही. तापमान न सांगता कोणी "घरात ५० टक्के आर्द्रता आहे" म्हटलं, तर ते गावाचं नाव न सांगता "भाव सात हजार" म्हटल्यासारखं आहे. आणि याच हिशोबाने, मे महिन्यातली ४५ अंशांची, १५ टक्क्यांची हवा आणि जुलैतली २८ अंशांची, ८५ टक्क्यांची हवा यांत पाण्याचा फरक सव्वादोन पटींहून जास्त आहे: एकीत दहा ग्रॅम, दुसरीत तेवीस.

हे एकदा डोक्यात बसलं की कूलरचं कोडं सुटतं. विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा नाही. पूर्वी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचे, आता टिनाच्या पेटीत तेच काम मोटर करते. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. हवा कोरडी असेल तर गुंडात जागा भरपूर, वाफ झपाट्याने होते, गारवा भरपूर. ४५ अंश आणि १५ टक्के असताना ओली वस्तू साधारण २४ अंशांपर्यंत गार होऊ शकते. कूलर तिथपर्यंत पोचत नाही, पण चांगली ताटी असेल तर २८ च्या आसपासची हवा फेकतो. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के असताना ही मर्यादाच २८ ला अडते. म्हणजे कूलर कितीही मोठा आणा, दोन अंशांच्या वर काही मिळणार नाही, उलट घरात आणखी ओल भरणार. तरी आपण जुलैभर पाणी भरत राहतो. तेव्हा पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालवावा. अंगाला लागणारा वारा तोच, चिपचिप कमी.

पण कूलरच्या बाबतीत आपण सगळ्यात मोठी चूक मे महिन्यातच करतो. कूलर लावला की "थंडावा बाहेर जाते" म्हणून सगळी दारं-खिडक्या बंद. कूलर म्हणजे एसी नाही. एसी तीच ती हवा फिरवतो. कूलर बाहेरची हवा ओढून ओली करून आत ढकलतो. ढकललेली हवा जायला वाट नसेल तर खोलीतलं गुंड भरत जातं आणि तासाभरात कूलर नावापुरता उरतो. मी आमच्या खोलीत दोन दिवस ताडून बघितलं. खिडकी बंद ठेवली तेव्हा रात्री दहाला डबा ७९ दाखवत होता आणि अंगावर घाम होता. दुसऱ्या रात्री कूलरच्या समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली. आर्द्रता ६० च्या घरात राहिली आणि माय म्हणाली, आज कूलर चांगला चालून राहिला. कूलर तोच होता. (टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, नाहीतर तिच्यात डेंग्यूच्या डासांची शाळा भरते. पण तो वेगळा विषय.)

साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता माणसाला सोसते. खाली गेली की नाक सुकतं, घसा टोचतो, ओठ फुटतात. उन्हाळ्यात आमच्याकडे पोरांच्या नाकातून रक्त येतं, त्यात या कोरड्या हवेचा हात असतो. वर गेली, आणि ७० च्या वर दिवसेंदिवस राहिली, तर बुरशी धरते.

आणि झड लागली की ७० च्या खाली येण्याचं नाव नसतं. चार दिवस पावसाची रिपरिप, आभाळ भरलेलं, कपडे दोरीवर ओलेच. अशा वेळी बाहेरून येणाऱ्या पाण्याचाच विचार आपण करतो, घरात तयार होणाऱ्या पाण्याचा नाही. चार माणसं रात्रभर झोपली की श्वासातून आणि अंगातून लिटरभर पाणी हवेत जातं. पिळलेल्या कपड्यांची बादली घरात वाळत घातली की लिटर-दोन लिटर. आणि गॅस: एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. म्हणजे १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत घरात बावीसेक लिटर पाणी सोडतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पटलं नव्हतं. गंजात पाणी गरम करायला ठेवताना गार बुडाला बाहेरून जो घाम येतो तो आठवा. ते गॅसचंच पाणी.

कवेलूच्या घरात ही वाफ फटीफटींतून निघून जायची. कुडाच्या आणि मातीच्या भिंती थोडी ओल शोषून घ्यायच्या, ऊन पडलं की परत सोडायच्या. आता घरकुल आलं, स्लॅब आला, सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट आला. छप्पर गळायचं थांबलं ही मोठी गोष्ट आहे, कवेलू फेरण्याचा त्रास ज्याने काढला तोच जाणे. पण घर घट्ट झालं आणि खिडक्या उघडायची सवय मात्र लागली नाही, कारण जुन्या घराला ती लागतच नव्हती.

बुरशीच्या बाबतीत डबा कुठे ठेवला यावर सगळं आहे. ऑगस्टमध्ये खोलीच्या मधे स्टुलावर तो ७२ दाखवत होता. तोच लोखंडी कपाटाच्या मागे सरकवला आणि तासाभराने बघितला तर ८५. कारण भिंत खोलीपेक्षा गार. भिंतीजवळची हवा गार होते, गुंड आकसतं, टक्का चढतो. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसं. २८ अंश आणि ८५ टक्के हवा २५ अंशांच्या फरशीला टेकली की फरशी घामेजते, आणि आपण म्हणतो खालून पाणी फुटलं. म्हणून काळे ठिपके आधी कपाटामागे, कोपऱ्यात आणि गाद्यांच्या घडीत येतात. आम्ही कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. खर्च शून्य, आणि त्या भिंतीवर नंतर नवे ठिपके आले नाहीत.

भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत ओल मारते आणि पांढरा खार फुटतो, ते मात्र हवेचं काम नाही. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि ते पायातून वर चढतं. त्यावर खिडकी उघडून काही होत नाही. गवंडी लागतो.

आणखी एक: धान्य. घरातल्या पोत्यांमधलं सोयाबीन, तूर, भुईमूग हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण करत राहतात. खोलीची आर्द्रता ६५ च्या खाली राहिली तर बुरशीला फारसं जमत नाही. ७५-८० मध्ये महिनाभर पोतं पडलं, तर खळ्यावर कोरडं भरलेलं धान्यही ओलावा पिऊन घेतं. शेंगदाण्यावर येणाऱ्या हिरवट-पिवळ्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन असतं, ते यकृतासाठी घातक आहे आणि भाजून-शिजवून पूर्ण जात नाही. असे दाणे "निवडून घेऊ" म्हणायचं नाही, फेकायचे.

आता धूर. हा आर्द्रतेच्या डब्यात दिसत नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं, आणि ते दोन-चार हजारांच्या पुढे जातं. ते मोजतं पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. आपला केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. नाकात अडकावा इतका मोठा हा कण नाही, तो थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिवसभराची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असं सांगितलं. आपल्या देशाचं बाहेरच्या हवेचं मानक ६० आहे. पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांवर पेटलेल्या चुलीजवळ हा आकडा शेकड्यांत सहज जातो, ओलं सरपण असेल तर हजारांत.

हे आज कळलेलं नाही. किर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवेचे नमुने घेणारी यंत्रं लावली आणि १९८३ मध्ये ते निष्कर्ष छापले. तोवर प्रदूषण म्हणजे शहरातल्या कारखान्याची चिमणी, असंच समजलं जायचं. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली. पण आमच्या गावात गॅस चहाला आणि भाजीला, आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच. सरपण वावरात फुकट पडलेलं असताना सिलिंडर कोण जाळेल, हा हिशोब चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही. चूल निदान अंगणात, सपरीखाली घ्या. पाणी तापवायची तर नक्कीच, तिला घरात राहायचं काही कारण नाही.

धुराचा सगळ्यात जास्त त्रास चुलीजवळ मांडीवर बसलेल्या लेकराला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. ते काम १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्या ओळखण्यात मुख्य भाग श्वास मोजण्याचा. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजायचं. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे ४० किंवा जास्त श्वास भरले तर दवाखाना गाठायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला हा आकडा ६०. घरातलं सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप हेच आहे आणि त्याला घड्याळ सोडून काही लागत नाही.

चूल नसलेल्या घरात मच्छर अगरबत्ती असते. एक कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असं एका अभ्यासात दिसलं आहे. बंद खोलीत, पलंगाखाली, रात्रभर. मच्छरदाणी बरी.

कार्बन डायऑक्साइडची कथा निराळी आहे. आमच्या गावात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांची अभ्यासिका आहे. वीस बाय तीसचा हॉल, तीस पोरं, मे महिन्यात दोन कूलर आणि बंद खिडक्या, थंडीत नुसत्या बंद खिडक्या. दुपारी तीनला अर्धी पोरं पुस्तकावर डोकं टेकून. पोरं म्हणायची, जेवणाची सुस्ती आहे. हिशोब करून बघा. बसलेला माणूस तासाला अंदाजे अठरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तीस जणांचे ५४० लिटर. हॉल दहा फूट उंच धरला तर हवा १ लाख ७० हजार लिटर. सगळं बंद असेल तर एका तासात दहा लाखांत ३,२०० भाग वाढले. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या थोडे वर असतात. म्युनिकच्या मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगून ठेवलं होतं की खोलीत १,००० च्या वर जाऊ देऊ नका, आणि आजही तोच आकडा वापरात आहे.

हजार-दीड हजाराला हा वायू स्वतः विषारी नाही. तो खुणेचा आहे. आपल्या उच्छ्वासात त्याचे ४० हजार भाग असतात. म्हणून मीटरवर १,४२० आलं, तर त्या खोलीतल्या दर चाळीस श्वासांतला एक श्वास आधी दुसऱ्याच्या छातीत जाऊन आलेला आहे. तिथे कोणाला टीबी असेल, फ्लू असेल, तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. अभ्यासिकेत आता समोरासमोरच्या दोन खिडक्या दर तासाला दहा मिनिटं उघडतात. एक पोरगा अजूनही कुरकुरतो, "दादा, थंडावा जाते."

हे मीटर घेताना फसू नका. स्वस्त डब्यांत कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर नसतोच, दुसऱ्याच वायूंवरून अंदाजे आकडा बनवून दाखवतात. डब्याच्या माहितीत एनडीआयआर (NDIR, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने हा वायू मोजणारा सेन्सर) हा शब्द आहे का बघा. आणि हाताला सॅनिटायझर चोळून डब्याजवळ धरा. आकडा उसळला तर तो डबा दारूचा वास घेतोय, श्वास मोजत नाही. कणांच्या यंत्राचीही एक खोड आहे: झडीत किंवा धुक्यात बारीक कण पाणी पिऊन फुगतात आणि स्वस्त लेझर सेन्सर ते जास्त मोजतो. पावसाळ्यात त्याचा आकडा थोडा सोडून वाचा.

आर्द्रतेच्या डब्याची परीक्षा तर स्वयंपाकघरातच होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या रेतीसारखं करा. ते झाकण आणि डबा घट्ट बंद होणाऱ्या बरणीत बारा तास ठेवा. मिठाचं पाणी डब्याला लागू देऊ नका. आत ७५ टक्के व्हायला पाहिजेत, निसर्गाचाच नियम आहे. माझ्या डब्याने ७१ दाखवले. तेव्हापासून मी चार मिळवून वाचतो, या लेखातले आकडे मिळवलेलेच आहेत. ठेवायची जागा बसल्यावर नाक येतं त्या उंचीची. कूलरच्या झोतात नाही, उन्हाच्या भिंतीवर नाही, चुलीच्या वाफेत नाही.

दोन विषांबद्दल मात्र या कुठल्याच डब्यावर भिस्त ठेवू नका. एक, कार्बन मोनॉक्साइड. थंडीत बाळंतिणीच्या खोलीत फटी बुजवून निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, तिच्यातून तो निघतो. वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते, माणूस उठत नाही. शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवून, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर. दुसरं, धान्यात टाकायच्या गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइड. त्या हवेतल्या ओलाव्याशी मिळून फॉस्फिन वायू सोडतात. हवा जितकी दमट आणि गरम, तितका वेगाने. झोपायच्या खोलीतल्या धान्यात किंवा शेजारच्या खोलीतल्याही पोत्यांत त्या टाकल्या, तर सकाळी उठायला कोणी उरेल याची खात्री नाही. तूर झोपायच्या घरात असेल तर गोळी नाही, एवढंच. कडकडीत ऊन द्या, घट्ट कोठी घ्या.

यंदा कापूस पुन्हा समोरच्या खोलीत आहे. माय सांगते, अंगाला खाज सुटते, आणि सुटतेच, गंजीजवळ झोपणाऱ्या सगळ्यांना सुटते. त्यामुळे बाजा मागच्या खोलीत नेल्या. डबा आता गंजीपासून चार हात दूर, खुंटीला टांगलेला आहे. काल पहाटे ६८ होता, दुपारी खिडक्या उघडल्यावर ४१. माय आता पहाटे उठली की आधी तिकडे बघते आणि आकडा कॅलेंडरवर मांडते, चार न मिळवता.